बोडका ग

पहिलं पान नाही, शेवटचंही नाही.
मधली बेचाळीस, कसरीने आधीच वाचलेली.
सतारीच्या गती: दा दिर दा रा, खाली स्वर, त्याखाली मात्रा.
कुणी छापलं, कुठे, कधी,
हा नोंदवहीतला रकाना
गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे बघतोय.

भिंगाखाली आधी कागद कळतो, मग शाई,
माणूस फार उशिरा.
ध चं पोट चेपलेलं. चार पानांनी पुन्हा तोच ध,
म्हणजे खिळे मोजके, छापून सोडवायचे, पुन्हा जुळवायचे.
मींड म्हणजे आडवा पाडलेला कंस.
आणि एकोणिसाव्या पानावर, देसच्या गतीत,
ग संपले.
जुळाऱ्याने शेजारच्या खणात हात घातला,
गुजराती खणात,
आणि सात ठिकाणी बसवला
डोक्यावर रेघ नसलेला, बोडका ग.
बडोद्याचंच काम हे! दुसरीकडे
दोन लिप्या इतक्या शेजारी कुठे झोपणार?

मग दम्याच्या औषधाची एक जाहिरात सापडली,
कुठल्याशा पंचांगाच्या पुठ्ठ्यात चिकटलेली.
औषधातला ध पोट चेपलेला.
तळाशी बारीक: रावपुऱ्यात, घेलाभाई मोतीराम यांचे छापखान्यात.
मी टेबलावर थाप मारली. शिपाई दचकला.

पोथी दिली होती कुमुदिनीबाई फणशांनी,
म्हणून दांडिया बाजारात सांगायला गेले.
त्यांनी घेलाभाईंना हाताने बाजूला सारलं
आणि सतार काढली.
“अप्पा कोरान्ने याच पुस्तकावरून शिकवायचे.
नि ची रेघ खाली दिलेली, ग ची वरची काढलेली.
दोन्ही उतरलेलेच.”
आणि सात ठिकाणी, बरोब्बर सात,
त्यांनी ग कोमल घेतला.

देसात जयजयवंतीची सावली पडली.
सुरसागरावरून येणारा रिक्षांचा गोंगाट
मला काही वेळ ऐकूच आला नाही.
एका खणात खिळे कमी पडले,
त्यावर तीन पिढ्यांची बोटं वळली.
सांगायचं होतं. चहा आला.
चहात आलं जास्त होतं, तेवढंच बोलले.

नोंदवहीत मुद्रक लिहिला. गाव लिहिलं.
शेऱ्यात: पान एकोणीस, ग बोडका, सात वेळा.
पुढे ‘चूक’ लिहायला पेन्सिल टेकवली.
टोक मोडलं म्हणावं,
तर मोडलं नव्हतं.