बॉयलरला मत नसतं

रविवारी पहाटे साडेपाचला
मी फावडं घेऊन पार्किंगमध्ये असतो.
या मंडळीचा मी सभासद नाही, पगारी माणूस.
घंटा, बॉयलर, संडास आणि बर्फ
एवढंच माझ्याकडे.

हॅडली फोर्कमध्ये अंगणाअंगणात पाट्या आहेत,
कुणाची लाल, कुणाची निळी.
निवडणूक होऊन तीन महिने झाले.
जमीन गोठलीय म्हणून निघत नाहीत,
असं लोक सांगतात.

उपासना सुरू झाली की मी गाड्या मोजतो.
व्हर्ना टोलेफसनच्या ट्रकवर एक नाव,
तिच्या सख्ख्या बहिणीच्या गाडीवर
त्याच नावावर काट.
दोघी आत एकाच बाकावर,
मध्ये पर्स ठेवून.

दारावर इंद्रधनुषी झेंडा लावायचा की नाही,
यावर तळघरात मतदान झालं होतं.
एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न.
त्या रात्री मी भरलेली किटली तशीच ओतून दिली.
सतरा जण सोडून गेले.
बाक मीच पुसतो, म्हणून आकडा ठाऊक.
ऑरिन हॉगन राहिला.
विरोधातला. उघड, हात वर करून.
दुसऱ्या दिवशी पाना घेऊन तळघरात हजर.
तुम्ही अजून इथे?
बॉयलरला मत नसतं, म्हणाला,
आणि व्हॉल्व्ह पिळत बसला.

मला वाटलं, पाद्रीबाई आता जपून बोलतील,
ना तिखट ना अळणी.
मारेन ऑस्ट्बी तसल्या नव्हेत.
सीमा ओलांडून आलेल्या कुटुंबाला
त्यांनी वरची खोली दिली
आणि वेदीपुढे उभं राहून तसं सांगितलं.
एक जण दार आपटून गेला.
पुढच्या रविवारी तोच आला,
निखळलेली बिजागरी बसवली,
बोलला मात्र नाही.

मग फेब्रुवारीत लायल वारला.
डेझमंड एकटाच यायला लागला,
दोघांची टोपी ठेवायची खुंटी
अजून दोघांची धरून.
त्या रविवारी प्याला धरायची पाळी ऑरिनची.
रांग पुढे सरकत होती.
मी मागे, मॉपला टेकून.
इतकी वर्षं ‘शांती असो’ म्हणताना
ऑरिन नेमका दुसरीकडे वळायचा.
आता प्याला हातात, वळणार कुठे?
तुझ्यासाठी सांडलेलं, तो म्हणाला,
एवढंच म्हणायचं असतं.
मग थांबला, आणि म्हणाला, डेझमंड.

(त्याच्या अंगणातली पाटी
सोमवारी होती तिथेच होती. मी पाहिली.)

एक कबुली राहिली.
बर्फ झाडताना मी काचा झाडायचो, आरसे झाडायचो,
बंपर सोडून द्यायचो.
वाटायचं, निदान दुपारपर्यंत
सगळ्या गाड्या सारख्या पांढऱ्या दिसोत.
पाद्रीबाईंनी एकदा विचारलं, मुद्दाम करतोस?
मी म्हटलं, कंबर धरते, वाकवत नाही.

नंबरप्लेट झाकलेली म्हणून
शेरीफच्या माणसानं ऑरिनला दंड केला.
त्यानं पावती माझ्यासमोर धरली,
घडी घालून खिशात टाकली,
पैसे मागितले नाहीत.

तेव्हापासून मी बंपरही झाडतो.
कंबर धरते, ते खोटं नव्हतं.
स्टिकर सगळे वाचता येतात,
अक्षर न् अक्षर.
आज बेचाळीस गाड्या.
मागच्या रविवारी एक्केचाळीस होत्या.