मुरु

हजेरीच्या कागदावर माझं नाव आलं
आणि प्राध्यापक कौपो अडखळले.
मृण्मयी.
दोनदा ओठ हलवून पाहिले,
मग जिभेला पेललं तेवढंच उचललं:
मुरु.
वर्ग हसला, इथं हसतात तितपतच.
मुरु म्हणजे यांच्या भाषेत हिरवळ,
घरापुढची, शनिवारी कापायची.
चालेल, म्हटलं.
मातीची होते, गवताची झाले.

तार्तूत नोव्हेंबरात
साडेतीनलाच दिवस दुकान बंद करतो.
वसतिगृहाच्या दाराशी ऊर्वेबाई,
किल्ल्या, पार्सलं आणि विणकाम घेऊन.
तीन महिने आमच्यात एकच शब्द ये-जा करत होता,
तेरे.
नमस्कारापेक्षाही तोकडा.
बाई रागावल्यात की काय, मी नुत्साला विचारलं.
नाही गं, ती म्हणाली,
इथं गप्प बसले की समजायचं, शेजारी बसलेत.
नुत्सा तिबिलिसीची. स्वतः झोपेतसुद्धा बोलते.

तळघरात धुलाईयंत्राची वही आहे.
मंगळवार, सहा ते सात.
पेंगुळलेल्या डोळ्यांनी एकदा मी नाव मराठीत लिहून आले.
पुढच्या मंगळवारी पाहते तर
माझ्या अक्षरांखाली कुणीतरी
तीच अक्षरं गिरवलेली,
शिरोरेघ तेवढी विसरून.
कोण ते अजून कळलं नाही.
जिन्यात प्रत्येकाच्या बोटांकडे बघते.

फोनवर आई विचारते, काय जेवलीस.
काळा पाव.
आणि काल?
पावच, पण बडीशेप घातलेला, मी थाप मारते.
मैत्रिणी झाल्या का? झाल्या की, ढीगभर.
पाणी कुठंतरी मुरतंय, आई म्हणते
आणि फोन बाबांकडे देते.

पाणी मुरतंय खरं.
दलदलीला इथं राबा म्हणतात,
आणि राबायचं आम्ही:
पायांना टोपल्यांएवढे बूट बांधून
शेवाळावरून बदकासारखं चालायचं.
मी दोन्ही मोजे भिजवले, पहिल्या दहा मिनिटांत.
कौपोंनी नळी खोल रोवली, पिळली, वर काढली.
आत चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी,
गार, आंबूस, थरांवर थर.
वर्षाला एक मिलिमीटर, ते म्हणाले,
घाई केलेली हिला चालत नाही.
मी मनात मोजलं.
माझी चोवीस वर्षं
अंगठ्याच्या एका पेरात बसली.
आणि हे तीन महिने?
नखाखाली अडकलेला मळ.
कुणास ठाऊक का, पण बरं वाटलं.
परतीच्या बसमध्ये कुणीच बोललं नाही
आणि मला ते
पहिल्यांदाच ऐकू आलं नाही.

आज दाराशी ऊर्वेबाई उठल्या.
उठल्या, हीच बातमी.
काही न विचारता माझ्या कोटाचा खिसा पकडला,
दोऱ्यात ओवलेला एक चकचकीत तुकडा
पिनेनं अडकवला, ओढून पाहिला.
मग मोडक्या इंग्रजीत,
एकेक शब्द पायरीसारखा उतरत:
अंधारात तू नसतेस.
गाडीवाल्याला म्हणायचं, हे मला नंतर सुचलं.
आभाराचा शब्द पाठ केलेला होता,
तोंडातून निघालं मात्र, येते हं.
जाताना आम्ही येते म्हणतो,
हे त्यांना कसं सांगणार.
त्यांनी श्वास आत ओढत म्हटलं, याह,
जणू कळलंच,
आणि सुटलेला टाका शोधू लागल्या.

नदीकडच्या उतारावर बर्फ नव्हता, चिखल होता.
समोरून एक गाडी आली.
दिव्यांचा झोत माझ्या कमरेवर टेकला,
तुकडा पेटला,
गाडी हळू झाली,
मला वळसा घालून गेली.