कागदी टोपण

हाचिनोहेच्या धक्क्यामागे आमचं न्हाणीघर.
पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे,
मधल्या उंच बैठकीवर मी,
एकतीस वर्षं सुटे पैसे मोजत.

फ्रीजमध्ये दुधाच्या काचेच्या बाटल्या.
तोंडावर कागदाची चकती,
इतकी गच्च, की दुधानंच ती आतून ओढून धरली असावी.
ती काढायला एक टोचणी,
फ्रीजच्या मुठीला दोऱ्यानं बांधलेली.
दोरा मी चारदा बदलला. टोचणी तीच.

कुराता टोचणीला हात लावायचा नाही.
माकुळाच्या बोटीवर रहाटानं त्याची दोन बोटं नेली,
उरलेली तीन गरम पाण्यातून बाहेर येत
मनुकांसारखी.
नखानं कड शोधायचा.
कड सुटायची, पण निघायचा वरचाच पापुद्रा.
मग दुसरा.
मग नुसता लगदा.
बाकीचे डोकी पुसत, काट्यावर उभे राहत,
कुणीच बघत नसे, म्हणजे सगळे बघत.
शेवटी अंगठा.
फच्च!
चकती आत, दूध हनुवटीवर,
आणि हा कमरेवर हात ठेवून
उभ्या उभ्या, एका दमात,
बाटली रिकामी.

फार पूर्वी एकदा मी म्हणाले होते, "देऊ का उघडून?"
आठवडाभर फिरकला नाही.
आंघोळ कुठे केली, देव जाणे.

या एप्रिलात डेअरीनं काच बंद केली.
पोरगेला माणूस आला, रिकामे क्रेट घेऊन गेला,
प्लास्टिकच्या बाटल्या ठेवून गेला. फिरकीचं झाकण.
"आता कुणाची तक्रार नको," म्हणाला.
कुणाची होती?

झाकणावर प्लास्टिकचं पातळ कातडं,
कातड्यावर बाण,
बाणाच्या टोकाशी काहीच नाही.
कुरातानं नख लावलं. दात लावले.
बाटली दिव्याकडे धरून बघितली,
जाळं कुठे फाटलंय ते बघावं तशी.
मग टॉवेल सावरत थेट माझ्यापाशी आला.
"मित्सुए-सान, हे उघडतं कुठून?"

मी चष्मा लावला. मी चष्मा काढला.
बायकांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, नळ गळतोय.
गळू दे.
टोचणी ओढली तर दोरा पुरेना,
म्हणून बैठकीवरून उतरले,
फ्रीजपाशी दोघांची डोकी एकत्र,
त्यानं बाटली धरली, मी टोचलं.
कातडं उसवलं.
झाकण मात्र त्यानंच फिरवलं,
तीन बोटांनी, माझ्याकडे पाठ करून.

प्यायला. हनुवटी कोरडी.
जरा वेळ तिथेच उभा,
काही पुसायचं राहिल्यासारखा.
"गार आहे," म्हणाला.

रात्री लाद्या घासून झाल्यावर
मी दोरा बदलला. पाचव्यांदा.
या वेळी बैठकीपर्यंत पोचेल एवढा लांब घेतला.
कुणीतरी पाय अडकून पडेल,
नवरा असता तर नक्की म्हणाला असता.