ब्रेकव्हॅन, दीड किलो

बत्तीसशे म्हटल्यावर फोनवर
थोडा वेळ फक्त पंखा ऐकू आला.
मग यशोधरा म्हणाली, ताई, बेकरीत
दीड किलो सातशेला मिळतो. वर नाव लिहून देतात.
देतात, मी म्हटलं. चांगला असतो. तोच घ्या.
मी कुणाला अडवत नाही.

तिने फोन ठेवला नाही.
म्हणाली, इंजिन सगळेच करतात.
मला शेवटचा डबा पाहिजे. मालगाडीचा. गार्डचा.
बाबा एकतीस मेला उतरतात.

जामनेर रोडला माझ्या दोन खोल्या,
ओव्हनशेजारी सासूबाईंची चूल, तिच्यावर उपडं खापर.
त्या ऑर्डरचे मांडे करतात,
कोपरापर्यंत फिरवत नेतात, आरपार दिसेल इतका पातळ.
आकडा ऐकला, हात थांबला नाही:
‘इतक्या पैशात सत्तर मांडे होतीन व माय.
चार घरं जेवतीन.’

मी वहीत लिहून ठेवते, कुणी विचारलं तर असावं:
लोणी, अंडी, साखर, फाँडंट, अकराशे चाळीस.
खोका, बोर्ड. रिक्षा, जाता-येता.
यार्डाच्या जाळीशी भर उन्हात उभं राहून
एका गंजक्या ब्रेकव्हॅनच्या पायऱ्या मोजल्या,
ते लिहीत नाही.
तीसच्या रात्री दीड ते चार लाइट गेली,
डबा एका अंगाने खचायला लागला,
पोराच्या कंपासमधली पट्टी काढून टेकू दिला,
आणि सासूबाई उठून बसल्या,
पुठ्ठ्याने वारा घालत राहिल्या केकला,
मांड्यांचा विषय न काढता.
तेही वहीत नाही.

शेवटी साखरेचा लाल दिवा, बोराएवढा.
आणि मागे पाटी, दोन अक्षरांची: एलव्ही.
यशोधराने मला समजावलं होतं,
लहानपणी तिला समजावलं होतं तसंच:
ही पाटी दिसली की स्टेशनातल्या माणसाने समजायचं,
गाडी अख्खी गेली.
मागे काही सुटलं नाही.

ठेवून निघणार होते. बाराशे यायचे होते म्हणून थांबले.
सपकाळे गार्ड आले, गळ्यात दोन हार, घामाने भिजलेले.
सगळे केक पुढून बघतात.
ते वळसा घालून मागे गेले, वाकले, पाटी वाचली.
‘आता हे डबेच काढून टाकतायत,’
म्हणाले, कुणालाच नाही.
‘मागे एक यंत्र लावतात.’
मग जरा वेळाने:
‘हिच्या पहिल्या वाढदिवसाला वाघोड्याला लूपमध्ये घातली होती गाडी.
सात तास. इथे बसलो होतो मी.’
बोट ठेवलं, खिडकीपाशी.
ती खिडकी मी अंदाजाने केली होती.

सुरी आली. त्यांनी आधी दिवा उचलला,
खिशात टाकला, जिथे शिट्टी असायची.
म्हणाले, कापा आता.
पाच मिनिटांत डबा संपला.
पाटी नातवाने खाल्ली.
कुणीतरी म्हणालं, आतून साधाच आहे की.
साधाच होता. व्हॅनिला.

यशोधराने बारा नोटा दिल्या, शंभराच्या, मोजून.
मीही मोजून घेतल्या.

परवडतं का, मला विचारू नका, मी विकणारी.
सत्तर मांड्यांत जास्त माणसं जेवतात, हे खरंच आहे.
सासूबाई हिशेबात चुकत नाहीत.

चार दिवसांनी अनोळखी नंबर.
सपकाळ्यांच्या घरून, बाईंचा आवाज चढलेला:
‘ड्युटीचा पांढरा शर्ट वाया गेला हो.
खिशापाशी लालभडक. दोनदा धुतला, लिंबू चोळलं.
तुमचा हा रंग जातो तरी कशाने?
आणि यांना विचारावं तर
म्हणतात, राहू दे.’