लॉकर नंबर एकशे चौदा

अमरावती रोडवरचं पार्क. माणशी सातशे,
साठीच्या वर निम्मे.
कोणी मागितलं नव्हतं तरी बाबांनी आधार कार्ड काढून दाखवलं
आणि दोघांचे मिळून वाचलेले सातशे
दिवसभर भेटेल त्याला सांगितले.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने आईची पिशवी उघडली.
स्टीलचा डबा, त्यात सांबारवडी,
डब्याखाली अजून एक डबा.
"बाहेरचं खाणं चालत नाही ना, माय."
"खाणं कुठं, वडी आहे. कुठला रे तू?"
तो सावनेरकडचा निघाला, मावशी केळवदला,
आईची मामेबहीणही केळवदला.
डबा आत गेला. दोन वड्या गेटवर राहिल्या.

मी यादी करून आणली होती:
आकाशपाळणा, टॉय ट्रेन, मग सावलीत बसणं,
बारा वाजता गुडघ्याची गोळी.
चार दिवसांसाठी बंगलोरहून आलेल्या मुलीला
आईबापाला सुखी करायचं
तर वेळापत्रक लागतं.

उंची मोजायचा खांब, त्यावर रंगवलेला जिराफ.
निहार दोन बोटं कमी भरला. रडला.
"माझी पण पाह्य बरं," म्हणत
बाबा खांबाला पाठ लावून ताठ उभे राहिले.
नोकरीच्या कार्डावर पाच फूट सात आहे.
पाच-पाच भरले.
"खांबच चुकीचा गाडला बे यांनी."
निहार हसला. मी पाण्याची बाटली शोधू लागले.

आकाशपाळण्यात ते बसलेच नाहीत.
कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये
एकतीस वर्षं टर्बाइन ऐकलेला माणूस
डोक्याला दुपट्टा बांधून, मे महिन्याच्या उन्हात
खाली उभा राहून ऐकत होता.
"तिकडून तिसरा पाळणा. बेअरिंग रडून राहिली."
चालवणारा पोरगा विशीतला, एका कानात हेडफोन.
"काका, बसायचं असंल तर बसा ना."
"ग्रीस केव्हा टाकलं होतं?"
पाळणा थांबला तेव्हा दोघं पायथ्याशी उकिडवे.
यादीतला पाऊण तास गेला,
पांढरा शर्ट गेला,
आणि निरोपाच्या हारात जो चेहरा नव्हता
तो घेऊन बाबा उठले, काळे हात अंगापासून लांब धरून.

इकडे आई चपला राखत बसली होती.
सगळ्यांच्या चपला, सगळ्यांचे चष्मे.
लग्नातही ती दागिन्यांच्या खोलीबाहेरच बसते.
म्हणाली, "मी पाण्यात जाऊ का?"
कोणाला विचारलं, कळलं नाही.

साडीला पाण्यात मनाई.
नायलॉनचा ड्रेस, भाडं दीडशे, अनामत शंभर.
सत्तरीला दोन कमी असताना
आईने पहिल्यांदा पॅन्ट घातली,
जांभळी, गुडघ्यापर्यंत,
आणि वर टी-शर्टवर हसणारा डॉल्फिन.
हात सवयीने पदराकडे गेला,
डॉल्फिनवर जरा थबकला,
मग नुसताच खाली आला.
किल्ली मनगटाला. एकशे चौदा.

लाटांचा भोंगा वाजला.
बाबा काठावर आले, हिरवी साडी शोधत.
"तुझी आई कुठं गेली?"
मी बोट दाखवलं.
दहा फुटांवर, कमरेइतक्या पाण्यात
अनोळखी पोरींचे हात धरून ती ओरडत होती,
"आली, आली, आली बाप्पा!"
बाबांची नजर तिच्यावरून पुढे गेली,
परत आली, पुन्हा पुढे गेली.
चष्मा पुसला, त्याच शर्टाला,
तो अजूनच काळा झाला.
मग ती नाकातोंडात पाणी जाऊन हसली
आणि आवाजावरून त्यांना सापडली.
"भलतीच बाई आहे," म्हणाले,
पँट दुमडून, पाय पाण्यात सोडून बसले.
बाराची गोळी साडेतीनला आठवली.

परतताना वाडीच्या ट्रॅफिकमध्ये
आईच्या मनगटाला किल्ली तशीच.
"अरे, अनामत! फिरव गाडी," बाबा म्हणाले.
"राहू द्या," आई म्हणाली.
केस अजून ओले, खिडकीची काच खाली.
बाबा थोडा वेळ गप्प. बोटांवर काहीतरी मोजलं.
"तरी सहाशे वाचले."