गोरखचिंच, तिकीट वीस रुपये

आचऱ्याच्या अलीकडे, बांबूच्या फाटकावर पत्रा:
झाडावर नावं कोरू नयेत.
कोरलेली आहेतच. सालीबरोबर इतकी फुगलीत
की कुणाची, ते वाचता येत नाही.

गुणाजी दर टेम्पोला वेगळी गोष्ट सांगतो.
आधीच्यांना: दर्यापारच्या खलाशाने थुंकलेली बी.
त्याआधीच्यांना: नाथाने उलटी रोवलेली काठी.
आम्हाला: ढोलीत देवचार आहे,
रात्री शीव राखतो,
वर्षाला एक वहाणजोड झिजवतो.

खोडाला कवेत घ्यायला आम्ही सहा.
फट उरली. सरबताची बाटली ठेवून आंजेलीन आली,
ओला, आमसुली हात.
तरी वीतभर कमीच. मग गुणाजीही,
आणि फोटो काढायला बाहेर कुणी राहिलं नाही.

गाल खोडाला टेकलेला. तसंच विचारलं,
यातली खरी कुठली?
"माका काय म्हायत?" खोडापलीकडून आवाज,
"झाड बोलाक लागला
तर तिकीट वाढवूचा लागतला."

पाचनंतर विसरलेल्या चष्म्यासाठी मी परत आले.
फाटक लोटलेलं. गुणाजी ढोलीपुढे वाकून
पेटती विडी ठेवत होता,
पुटपुटत होता काहीतरी, बहुतेक माफीचं.
ढोलीच्या तोंडाशी वहाणा, टाचेला पार झिजलेल्या.

गुणाजीच्या पायात त्याच्या त्याच्या होत्या.