चिकूएवढी

दांडिया बाजारात, पहिल्या मजल्यावर,
मी अकरा वर्षं सोनोग्राफीचे रिपोर्ट टाइप करते.
डॉ. जागृतीबेन पडद्याआडून आकडे सांगतात,
माझी बोटं ऐकतात.
उजवा अंडाशय. बेचाळीस गुणिले अडतीस मिलिमीटर.
भिंत पातळ. आत स्वच्छ पाणी. पूर्णविराम.

बाहेर आल्यावर बायका टेबलाशी रेंगाळतात.
मिलिमीटर कुणालाच कळत नाहीत.
"केवडी छे, बेन?"
मग मी खंडेराव मार्केट उघडते:
बोराएवढी. लिंबाएवढी.
एकदा शिनोरच्या एका मावशींना सांगावं लागलं, नारळ.
त्या म्हणाल्या, मग कुठल्या देवाला फोडायचा?

फेब्रुवारीत त्या पलंगावर मी झोपले.
जेल गार.
छताला एक भेग, अकरा वर्षांत कधीच न दिसलेली.
पडद्यावर काळा गोल,
दिवे विझल्यावरच्या सूरसागरासारखा निवांत.
"चिकू," मीच म्हणाले.
जागृतीबेन हसल्या नाहीत.
माझा रिपोर्ट त्यांनी स्वतः, एका बोटानं टाइप केला,
आडनावात एक अक्षर चुकवून.

मग स्टूल ओढून बसल्या.
दर महिन्याला एक बीज पिकतं, त्याची पिशवी फुटते.
कधी फुटायचं विसरते, पाणी धरून बसते.
बहुतेक वेळा आपली आपण ओसरते.
दोन-तीन पाळ्या जाऊ दे, मग पुन्हा बघू.
फक्त एका बाजूला अचानक कळ आली, न थांबणारी,
वर उलट्या, ताप, डोळ्यांपुढे अंधार,
तर सकाळची वाट बघायची नाही.
रात्री दोनलासुद्धा रिक्षा करायची.
देठाला पीळ बसला तर रक्त पोचत नाही,
मग हिशेब तासांचा असतो.

देठ.
माझ्या आत एक देठ आहे
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी सासूबाई म्हणाल्या, गाठ आहे ना, मग काढूनच टाक.
त्यांचा काय दोष?
परकराच्या नाडीची, लग्नाची, जन्मोजन्मीची
आणि ही,
आपल्या भाषेनं सगळ्यांना एकच शब्द वाटून दिलाय.
शेजारच्या कोकिळाबेननी कसलासा काढा दिला.
मी तो तुळशीत ओतला. तुळस जगली.
मी कॅलेंडरवर दिवस मोजले,
कुशीवर वळताना जरा जपून वळले.

एप्रिलमध्ये पडद्यावर काहीच नव्हतं.
म्हणजे होतं सगळं, जिथल्या तिथे.
तो रिपोर्ट मीच टाइप केला, आडनाव नीट लिहून.
थोडं एकटं वाटलं,
हे कुणाला सांगितलं नाही.

म्हणूनच कुमुदआत्याला ओढत आणलं.
वय त्रेसष्ट, पाळी जाऊन बारा वर्षं.
साडीची गाठ रोज बोटभर सैल करत होती, म्हणे गॅस.
दोन घासांत पोट भरायचं, म्हणे उन्हाळा.
माझी गेली तशी तुझीही जाईल,
हे वाक्य मी रिक्षात तयार ठेवलं होतं.

जागृतीबेनचा आवाज हळू झाला.
आत पडदे. एक घट्ट भाग. त्यात रक्तप्रवाह.
माझी बोटं 'घट्ट' या शब्दावर थांबली,
मग पुढे गेली. नोकरी आहे.
रक्ताची तपासणी, मोठं हॉस्पिटल, गुरुवारची वेळ.
या वयात वाट बघायची नसते, त्या म्हणाल्या.
काय आहे ते काढल्यावरच नक्की कळेल,
पण कळून घ्यायचं, आणि लवकर.

आत्या टेबलाशी आली, पर्स छातीशी धरून.
"केवढी गं?"
अकरा वर्षांत पहिल्यांदा मला फळ सुचलं नाही.
"आकाराचं सोड," मी म्हटलं, "गुरुवारी मी येतेय."

खाली उतरल्यावर तिला मार्केटात जायचं होतं.
ती चिकू निवडत बसली,
एकेक उचलून, अंगठ्यानं दाबून, कानाशी नेऊन,
जणू आतलं ऐकू येईल.
"दबावो नहीं, बा," भाजीवाला ओरडला.
तिनं आणखी एक दाबला.
"न दाबता कसं कळणार रे?" त्याला मराठीतच म्हणाली,
आणि अर्धा किलो घेतले.